बिनमाशांच्या टाक्या

त्यांच्या अंगणात काचेच्या नऊ टाक्या होत्या आणि एकीतही मासा नव्हता. प्रत्येकीत काठाखाली चार बोटांपर्यंत पाणी, आणि तळाशी काळे दगड. मँगनीजचे दगड. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ते रस्त्याच्या कडेलाही सापडतात, ट्रकमधून पडलेले. दिसायला नारळाएवढा, पण उचलायला गेलं की हात खांद्यातून खाली ओढला जातो. रोज सकाळी ते प्लास्टिकचं स्टूल घेऊन यायचे आणि एकेका टाकीपुढं बसायचे. काचेला कान लावायचे. कोपऱ्यातल्या जोडावरून नख फिरवायचे. मग स्टूल उचलून पुढच्या टाकीपाशी. शाळेत जाणारी पोरं फाटकापाशी थांबून विचारायची, "बाबा, मछली कब आएगी?" ते उत्तर द्यायचे नाहीत. रागवायचेही नाहीत.

गल्लीत त्यांना पागल म्हणायचे. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत पाच वर्षं भाड्यानं राहिले आणि एकदाही त्यांना पागल म्हटलं नाही. त्याचं श्रेय मला नको. ते तिथं का बसतात हे त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं.

मी मूळची तुमसरची. बी.एस्सी., बी.एड. झाले आणि बालाघाटच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. खोली बघायला वडील सोबत आले होते. काकाजींनी, म्हणजे घरमालकांनी, आमच्याशी बोलण्याआधी मला पायापासून डोक्यापर्यंत नाही, तर आमच्या सामानाला पाहिलं. तिथली पद्धत म्हणून मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाजीच म्हणत आले.

"पुस्तकं किती आहेत मॅडमजवळ?" त्यांनी वडलांना विचारलं.

वडील खूश झाले. "दोन पेट्या भरून आहेत. लहानपणापासून वाचनाची आवड."

"मंग कपाट भिंतीले लावा. खोलीच्या मधात नका ठेवू. मधात भार झेपत नाही."

वडलांचं तोंड उतरलं. मला मात्र हसू आलं होतं.

कुठल्याही घरात शिरले की ते आधी वर पाहायचे. छत, तुळई, पंख्याचा हूक. मग घरातल्या माणसांकडं. लग्नाच्या मांडवात जेवायला बसले तरी आधी बांबूच्या गाठी तपासायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा: "याचा भार कुठं जाते?" दुकानाच्या पाटीपुढं, पाण्याच्या टाकीखाली, कुणाच्या नव्या गच्चीवर. माझ्यासाठी गोंदियाचं एक स्थळ आलं आणि घरात पाच भाऊ, मुलगा एकटा कमावता असं मी काकूंना, म्हणजे काकाजींच्या बायकोला, सांगत होते, तेव्हा हे ओसरीतून म्हणाले, "सगळा भार एकाच खांबावर आहे. पाह्यजा." ते स्थळ मी नाकारलं. आजही ते बरोबर केलं असं वाटतं.

बत्तीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या खाणीत काम केलं होतं. टिंबर मिस्त्री. खडक फोडून पुढं जागा मोकळी झाली की छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू लावायचे, हे त्यांचं काम. आधी हे आत जायचे, टेकू लावायचे, हातोडीनं छत वाजवून पाहायचे, आणि हे "या" म्हणाले की मग बाकीचे मजूर. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच बोलले. काकू तांदूळ निवडत होत्या, मी पायरीवर बसले होते.

"माझ्या टेकूखाली एक माणूस नाही मेला," ते म्हणाले. माणूस आपली उंची सांगतो तसं सांगितलं. "लाकूड सांगते न मॅडम. आधी करकरते. मंग त्याचे धागे उभे राह्यतात. तुमाले निंगाले टाइम देते. दगडबी सांगते, माती झराले लागते वरून. ज्याले कान आहे त्याले समजते."

"आणि काच?"

"काच नाही सांगत," ते म्हणाले. "काचेचं तेवढंच वाईट आहे."

निवृत्त झाल्यावर त्यांनी काचेच्या टाक्या बनवायला घेतल्या, ते बहुतेक याचमुळं. बत्तीस वर्षं अंधारात भार सांभाळलेल्या माणसाला आरपार दिसणारं काहीतरी हवं होतं. काच कापायचे, कडा घासायचे, सिलिकॉननं जोडायचे. मग टाकी अंगणात स्टँडवर ठेवून पाण्यानं भरायची आणि पंधरा दिवस तशीच सोडायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पंधरा दिवस. खाली थर्माकोलची पट्टी हवीच. "खाली एक खडा राह्यला तं सगळा भार त्या खड्यावर," असं ते प्रत्येकाला सांगायचे. टाकी द्यायच्या आधी चौकशी करायचे: फरशी सपाट आहे का, स्टँड हलतो का, आत काय ठेवणार. एका मिठाईवाल्यानं टाकीत दगडी शंकर ठेवला हे ऐकून हे तीन किलोमीटर सायकल हाणत गेले आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांपुढं, बाही वर करून शंकराला बाहेर काढून आले. मिठाईवाला दोन दिवस शिव्या देत होता. मग स्वतःच येऊन फायबरची हलकी मूर्ती दाखवून परवानगी घेऊन गेला.

माझ्या शाळेत टाकी आली ती माझ्यामुळं. शाळेच्या दारातल्या हॉलमध्ये काहीतरी हवं होतं, पालक आल्या आल्या दिसेल असं. प्राचार्यांनी ॲक्वेरियम म्हटलं आणि मी म्हटलं, आमचे काकाजी बनवतात. चार फुटी टाकी बनली, पंधरा दिवस अंगणात उभी राहिली, मग काकाजी स्वतः टेम्पोत तिला धरून बसून शाळेत आले. स्टँड लेव्हल लावून सपाट बसवला, थर्माकोल घातलं, पाणी भरून दोन तास बसले आणि गेले.

दगड आठवड्यानं आले. ती प्राचार्यांची कल्पना. बालाघाटची ओळख मँगनीज, म्हणून टाकीत मँगनीजचे दगड, आणि बाहेर पाटी. मी घरी सांगितलं तेव्हा काकाजी जेवत होते. ते हात धुऊन आले आणि फरशीवर खडूनं चौकोन काढला.

"हे पाहा. पाणी सगळीकडं सारखं बसते, त्याचा काही त्रास नाही. दगड एका जागी बसते. म्हणून आधी ही चटई." त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबांची शिवलेली रबरी चटई दाखवली. "चटई काचेवर. चटईवर दगड, आडवा, झोपवून. मंग त्याच्या बाजूनं रेती टाका. रेतीवर दगड नाही ठेवाचा. रेती सरकते."

"समजलं."

"मी येऊ का लावाले?"

"नको हो काकाजी. मी विज्ञान शिकवते."

ते हसले. "हौ, ते तं आहेच."

मी तसंच केलं. चटई, चटईवर तीन दगड आडवे, बाजूनं पांढरी रेती. शनिवारी प्राचार्य पाहायला आल्या. थोडा वेळ पाहत राहिल्या.

"मैडम, ये तो ऐसा लग रहा है जैसे पत्थर सो रहे हैं. थोड़ा पहाड़ जैसा कीजिए न."

चटईची काळी कडही काचेतून दिसत होती, ती त्यांना आवडली नाही. शाळा सुटल्यावर मी नववीच्या दोन मुलींना थांबवून घेतलं. आम्ही पाणी उपसलं, दगड काढले, चटई काढली. तळाला चार बोटं रेती पसरली आणि तिच्यात दगड उभे रोवले, सगळ्यात मोठा मधोमध. हात लावून पाहिलं, हलत नव्हते. पाणी भरलं. खरोखरच पहाडासारखं दिसत होतं. त्या दोन मुलींनी टाळ्या वाजवल्या. चटई मी प्रयोगशाळेच्या कपाटात, बीकरच्या मागे ठेवली.

सोमवारी एका पालकानं मासा भेट दिला. फ्लॉवरहॉर्न, डोक्यावर टेंगूळ असलेला, लाल, रागीट. त्याला रेती उकरायची सवय होती. तोंडात घ्यायचा आणि लांब नेऊन थुंकायचा. दर दोन दिवसांनी एका कोपऱ्यात रेतीचा ढीग आणि दगडांपाशी खळगा. मुलांना मजा वाटायची, "मैम, फिर गड्ढा खोदा उसने." सुरुवातीला मी पट्टीनं रेती सारखी करायचे. नंतर परीक्षा आल्या, आणि मी ते सोडून दिलं.

घरी काकाजी अधूनमधून विचारायचे, "टाकी बरी आहे न?" मी म्हणायचे, "छान आहे." एकदा त्यांनी म्हटलं, मी पाहाले येऊ का. मी म्हटलं, गेटवर आता पास लागतो.

चार महिन्यांनंतरची गोष्ट. प्रार्थना संपून मुलं वर्गात गेली होती. मी हजेरी घेत होते. आधी एकच ठोका ऐकू आला, जड आणि कोरडा, आणि मग पाण्याचा आवाज. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा पाणी पायऱ्यांवरून खाली जात होतं. मासा तिसऱ्या पायरीवर तडफडत होता. शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. ती शाळेत झाडूपोछा करायची. त्या वेळी ती टाकीची पुढची काच बाहेरून पुसत होती. तिनं उजवा हात डाव्या हातात धरला होता आणि ती त्याच्याकडं असं पाहत होती की जणू कुणीतरी तो तिला सांभाळायला दिला होता. मनगटापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता.

मी ओढणी बांधली. तिला आधी इथल्या दवाखान्यात नेलं, मग नागपूरला. हात राहिला. बोटं मिटणं राहिलं नाही. आतल्या शिरा तुटल्या, असं तिनं नंतर मला सांगितलं, डॉक्टरांनी तिला सांगितलेल्या शब्दांत.

त्या सकाळी हॉलमध्ये सगळे तिच्याकडं पाहत होते. मी एकदा दगडाकडं पाहिलं. मधला, मोठा दगड पुढच्या बाजूला, फुटलेल्या काचेवर आडवा पडला होता. आणि रेती सगळ्या फरशीवर पातळ थरानं पसरलेली, गेटपर्यंत. ती कुठं होती, दगडाखाली की बाजूला, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत चौकीदारानं ती झाडून टाकली.

"टंकी किसने बनाई थी?" संस्थेच्या एका माणसानं विचारलं.

"मेरे मकान मालिक ने," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी संस्थेतले दोघं जण घरी आले. मी वरच्या कठड्यापाशी उभी राहून ऐकत होते. ते बराच वेळ बोलले. पोलिसांचंही नाव निघालं. काकाजींनी मधे एकही शब्द टाकला नाही. शेवटी म्हणाले, "कांच मेरी थी." तेवढंच. ते गेल्यावर काकाजी जिना चढून वर आले. भाडेकरूच्या खोलीत ते कधी येत नसत. दारातच उभे राहिले.

"दगड आडवे होते मॅडम?"

"हो."

"चटईवर?"

"हो."

"रेती खाली तं नव्हती न गेली?"

"नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही म्हणता तं मंग तसंच असन." त्यात टोमणा नव्हता. एक गोष्ट पक्की झाली, आता तिचा विचार करायची गरज नाही, अशा सुरात ते म्हणाले. "मंग काचच." आणि कठड्याला धरून खाली उतरले.

नोकरी जाईल अशी मला भीती होती, हे खरं आहे. पण फक्त तेवढीच असती तर चार-आठ दिवसांत मी बोलले असते. मी विज्ञान शिकवत होते. पाचवी शिकलेल्या माणसानं फरशीवर खडूनं काढून दाखवलेली गोष्ट मी मोडली होती, दिसायला चांगलं दिसावं म्हणून. ते तोंडातून निघेना. पहिले आठ दिवस निघालं नाही, आणि मग ते सोपं होत गेलं.

त्यानंतर त्यांनी विकायला एकही टाकी बनवली नाही. पण बनवत राहिले. त्याच मापाची, त्याच जाडीच्या काचेची. आत रबरी चटई, चटईवर आडवे मँगनीजचे दगड. आधी तीन, मग पाच, मग आठ. बाजूनं रेती. टाकी फुटली नाही. दुसरी बनवली, सिलिकॉन बदलून. तिसरी, थर्माकोल पातळ करून. चौथीत गरम दिवसांत थंड पाणी ओतून पाहिलं. एकही फुटली नाही. अंगण भरत गेलं. काच कुठं कमजोर होती हे त्यांना शोधायचं होतं, आणि काच कमजोर नव्हतीच. एक गोष्ट सोडून त्यांनी सगळं करून पाहिलं. ती एक गोष्ट त्यांनी केली नाही, कारण मी नाही म्हटलं होतं.

"फुटत काहून नाही?" ते काकूंना विचारायचे.

आणि रोज सकाळी साडेसहाला ते शेवंताबाईच्या वस्तीत जायचे. तिच्या दारापासून नळ जरा लांब होता, आणि तिला एका हातानं भरली बादली उचलत नव्हती. शाळेनं तिला सहा महिन्यांनी काढलं. ती एकटीच राहायची, मुलगी लांजीला दिलेली. काकाजी चार बादल्या पाणी भरायचे, एक शब्द न बोलता, आणि घरी येऊन टाक्यांपुढं बसायचे. पहिली दोन वर्षं ती त्यांच्याकडं पाहायचीही नाही. मग एक दिवस तिनं बाज बाहेर टाकून ठेवली, बसायला. ते बसले नाहीत. पावसाळ्यात, तापात, नातेवाइकाच्या मरणाच्या दिवशीसुद्धा ते गेले.

दुसऱ्या वर्षी काकू वर माझ्याकडं आल्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहा. समजवा न त्यांले. लोक हसून राह्यले. जेवत नाहीत बरोबर."

मी खाली गेले. कागद-पेन घेऊन गेले होते. काचेत कधी कधी न दिसणारा दोष असतो, कारखान्यातूनच येतो, तो कुणालाच कळत नाही, असं मी त्यांना आकृती काढून सांगितलं. हे सगळं पुस्तकात आहे आणि खरं आहे. त्यांनी कागद हातात घेऊन लांब धरून पाहिला.

"मंग तो दोष आता काहून नाही येऊन राह्यला? पाच टाक्या झाल्या."

मी कागद परत घेतला.

तिसरं वर्ष संपत आलं होतं. मला भंडाऱ्याजवळ सरकारी शाळेत नोकरी लागली होती. महिनाभरानं खोली सोडायची होती. मनात म्हणत होते, आता एवढेच दिवस. त्या सकाळी मी शाळेत निघाले आणि फाटकापाशी थांबले. काकाजी नवव्या टाकीपुढं बसले होते. या वेळी कान लावला नव्हता. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून हात पुढच्या काचेला टेकवून बसले होते. नुसते. डोळे मिटून.

"काय करता काकाजी?"

"तिचा हात जिथं होता, तिथं ठेवला," ते म्हणाले. "रोज ठेवून राह्यलो. आज ना उद्या फुटन तं समजन."

माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. तो मी फाटकाच्या खांबावर ठेवला.

"काकाजी, रेती खाली होती."

त्यांनी हात काढला नाही. डोळे उघडले.

"किती?"

मी चार बोटं दाखवली. मग ते माझ्याकडं पाहत नाहीत हे लक्षात आलं आणि तोंडानं म्हटलं, "चार बोटं. दगड त्यात उभे रोवले होते. चटई काढली होती. प्राचार्यांना दिसायला चांगलं हवं होतं. आणि मासा रोज रेती उकरायचा."

काकू दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

काकाजींनी हळूहळू हात काचेवरून उचलला. दुमडलेली बाही खाली केली, बटण लावलं. मग उठले आणि नववी टाकी उपसायला घेतली. मी शाळेत गेले नाही. त्यांनी चटई काढली, दगड काढले, तळाला रेती टाकली. बोटं घालून मोजली, चार. दगड उभे रोवले, मोठा मधात. पाणी भरलं. मला म्हणाले, "तिकडं ओसरीत उभ्या राहा." त्या वेळीही त्यांनी मला लांब उभं केलं.

मग बांबूची लांब कामटी घेऊन ते बाजूला उभे राहिले आणि वरून मोठ्या दगडाच्या पुढच्या बाजूची रेती उकरू लागले. थोडी थोडी, मासा उकरतो तशी. काढायची आणि कोपऱ्यात नेऊन टाकायची. तासभर लागला असेल. पाणी गढूळ झालं, निवळलं, पुन्हा गढूळ झालं. मग दगड हलला. कुणी झोपेत मान टाकावी तसा पुढं कलला आणि त्याचं टोक काचेला लागलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तोच ठोका, जड आणि कोरडा, आणि पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं.

काकाजी पाहत उभे राहिले.

"हौ," ते म्हणाले.

त्यांनी खाली बसून तुकडे गोळा करायला सुरुवात केली. मी पुढं झाले. "हात नका लावू," ते म्हणाले, आणि मग, वर न पाहता: "शेवंताबाईले तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ते बरं नाही दिसत."

खोली आठ दिवसांत खाली करा, हे संध्याकाळी काकूंनी सांगितलं. त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून सांगितलं, वर आल्या नाहीत.

शेवंताबाईकडं जायला मला पाच दिवस लागले. मी सकाळीच गेले, काकाजी येऊन गेल्यावर. ती दाराशी भाजी निवडत होती, डाव्या हातानं, उजवा नुसता मांडीवर ठेवून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर तिनं भाजीची परात बाजूला केली.

"अन् त्या म्हाताऱ्याले तीन साल माझ्या दारी येऊ देलं तुम्ही?"

मी दाराशी पडलेल्या रिकाम्या घागरीकडं पाहिलं.

"रोज पाहात होत्या न तुम्ही त्याले जाताना?"

"हो."

"माझ्या हाताचं तं झालं ते झालं," ती म्हणाली. "मी त्याले दोन साल पाणी नाही इचारलं. दारात उभा राहाचा, अन् मी तोंड फिरवून बसाची." तिचा आवाज चढला नव्हता. "जा आता तुम्ही."

मी तिची रिकामी घागर उचलायला वाकले, निदान आत ठेवून द्यावी म्हणून. तिनं डाव्या हातानं ती माझ्या पुढून ओढून घेतली.

मी भंडाऱ्याला आले. आठेक महिन्यांनी अनुभवाचा दाखला घ्यायला बालाघाटला जावं लागलं. शाळेतलं काम आटोपल्यावर मी परत बसस्टँडवर जाऊ शकले असते. गल्लीत गेले. अंगण रिकामं होतं. स्टँडच्या पायांचे चौकोनी खड्डे तेवढे जमिनीत राहिले होते. काकाजी ओसरीत बाजेवर बसले होते, फार उतरलेले. मला ओळखून त्यांनी बाजेवरची जागा दाखवली. मी खाली बसले.

"नवीन जागेचं छत कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"स्लॅब आहे."

"ओल?"

"नाही."

"मंग बरं आहे."

गल्लीतून एक भंगारवाला ओरडत गेला. मी विचारलं, तब्येत बरी नाही का. त्यांनी ऐकलं नसावं.

"शेवंताबाईनं मले पाणी भराले मना केलं," ते म्हणाले. "तुम्ही सांगून आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणते, आता तुमचा काय संबंध. तुमची गलती नव्हती. पाया पडाले लागली. मी म्हणलं, काच तं माझीच होती बाई. ऐकत नाही. दार लावून घेते. शेजारच्या पोरीकडून भरून घेते आता."

ते हातांकडं पाहत होते.

"तीन साल साडेसहाले तिच्या दारात होतो. आता नीद तं तेव्हाच खुलते. उठून कुठं जाऊ मॅडम, ते सांगा."

त्यांनी हे खरोखर विचारलं होतं. रबराची चटई कुठं ठेवायची हे विचारावं तसं. ते माझ्याकडं पाहत थांबले.

काकू आतून चहा घेऊन आल्या. दोनच कप होते. एक त्यांनी काकाजींपुढं ठेवला, दुसरा स्वतः घेऊन उंबऱ्यावर बसल्या, आणि माझ्याकडं न पाहता प्यायला लागल्या.